सोळा तासांची वाट

५ मार्च

बारक्या,

पोचलास का? पोचला असशील तर दोन ओळी खरडायला काय हात मोडले होते? शुक्रवारी मी कामाला निघाले तेव्हा तू आईच्या खोलीत बसला होतास. संध्याकाळी येऊन बघते तर स्वारी पसार. ना निरोप, ना चिठ्ठी. अकरा वर्षांनी घरी आलास, तोही न कळवता, आणि चार दिवसांत काढता पाय घेतलास.

फोन करणार होते, पण फोनवर तू नुसता 'हो, हो' करतोस. म्हणून लिहिते आहे. पत्राला 'हो, हो' करून चालत नाही.

खरं सांगू? राग आहेच, पण आनंदही झाला. दार उघडलं तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. मानेपर्यंत केस, दाढी, बसलेली गालफडं. विमानात जेवायला देत नाहीत का रे? आणि ते बूट! पुढून अंगठा बाहेर, खाली हे एवढं भगदाड. सगळ्या विमानांना वाट आखून देणाऱ्या साहेबांचे हे बूट? मी विचारलं, "प्रवास कसा झाला?" तर म्हणालास, "चालत आलो." मी हसले. तू हसला नाहीस. सामान कुठे विचारलं तर म्हणालास, वाटेत राहिलं.

आईचं काय सांगू. तुझे पाय मांडीवर घेऊन दिवसभर चोळत बसायची. तुमचं दोघांचं कुजबुजणं चालायचं आणि मी आत आले की दोघंही गप्प. पंधरा वर्षं मी तिचं सगळं करते आहे, माझ्याशी ती कधी कुजबुजली नाही. जाऊ दे, तो विषय नको.

मुद्दा वेगळाच आहे. तू गेल्यापासून ती पायात चपला घालून दाराकडे तोंड करून बसते. "तो कोपऱ्यावर थांबलाय," म्हणते. मी सांगितलं, अगं तो कधीच विमानात बसून गेला. तर माझ्याकडे असं बघते जणू मीच भ्रमिष्ट. तिच्या डोक्यात काय भरवून गेलास ते कळव.

ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी वाटलं मस्करी करते आहेस. मग वाटलं, तुला पंधरा वर्षांत इतकी मोठी मस्करी करायला फुरसत कधी मिळाली?

ताई, मी आलो नव्हतो.

त्या चारही दिवशी मी ऑफिसात होतो. गुरुवारी तर आपल्याच शहराकडे जाणाऱ्या विमानाचा, वाट आखलेला कागद माझ्या हातून गेला. अंतर तेरा हजार किलोमीटर, वेळ सोळा तास, वारा पाठीमागून. तो वैमानिकाच्या हातात दिला आणि डबा खायला बसलो. माझ्याबरोबर बसणाऱ्या दोघांना विचार हवं तर. केस माझे आहेतच कुठे मानेपर्यंत यायला? पुढून निम्मे गेले.

तेव्हा नीट ऐक. चार दिवस आपल्या घरात कुणी परका माणूस राहून गेला आहे. आईच्या खोलीत बसला, तुझ्या हातचं जेवला. आधी कुलूप बदल. दारावरचं भिंग बसवून घे. काही चोरीला गेलं आहे का बघ, आणि आईला एकटी ठेवून कामाला जाऊ नकोस, शेजारच्या बाईंना बसायला सांग. पोलिसांत कळव. हसतील, हसू देत.

आणि मला एक सांग. आई त्याला बघून घाबरली कशी नाही?

बारक्या


१९ मार्च

बारक्या,

वा रे वा. मी माझ्या भावाला ओळखत नाही म्हणतोस?

दिवसभर मी लोकांच्या जबड्यांचे साचे हाताळते. कवळी करायची म्हणजे माणसाचं तोंड पाठ व्हावं लागतं. तुझा खालचा दात डावीकडे कलला आहे तो मला डोळे मिटून सांगता येईल. दार उघडल्यावर जो हसला त्याचा तोच दात तसाच कलला होता. हनुवटीवर मी झोक्यावरून पाडल्याची खूण होती. आणि आत आल्या आल्या त्याने आईला हाक मारली, "सरकार, आलो." आईला सरकार म्हणणारा या पृथ्वीवर दुसरा कोण आहे?

पण तुझं पत्र वाचल्यापासून काही गोष्टी टोचायला लागल्या आहेत. तेव्हा मी त्या हसण्यावारी नेल्या.

त्याच्या पँटी गुडघ्यापर्यंत पांढऱ्या होत्या. बादलीत भिजवल्या तर पाण्यावर साय धरल्यासारखा मिठाचा थर आला. दोनदा पाणी बदललं. दुसरं म्हणजे त्याचे पाय थांबत नसत. खुर्चीवर बसला तरी टाच, चवडा, टाच, चवडा. मी पांघरूण घालायला गेले तर झोपेतही तेच, पलंग हलत होता. अंगात किरमिजी स्वेटर होता, तू मागे लिहिलं होतंस ना, प्रवासासाठी घेतला म्हणून, तोच.

आणि काल औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, "ताई, तुमचं भावाशी भांडण झालंय का? पंधरा दिवस झाले, समोरच्या खांबाला टेकून उभा असतो. आत का घेत नाही?" मी रस्ता ओलांडून गेले. खांबापाशी कुणी नव्हतं. खाली फरशीवर दोन पांढुरके डाग होते, पावलांएवढे. बोट लावून पाहिलं. खारट होते.

मी तिथून पळत घरी आले. या वयात पळाले. आई दाराकडे तोंड करून बसली होती आणि मला बघून म्हणाली, "तू होय."

काहीतरी लपवतो आहेस तू. लहानपणापासून लपवायला लागलास की जास्त सूचना देतोस, कुलूप बदल आणि भिंग बसव.

ताई


२५ मार्च

प्रिय ताई,

धरलंस. सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी कळवलं होतं, 'निघालो'. दुसऱ्या दिवशी कळवलं, 'ऐन वेळी रजा रद्द झाली'. रजा कुणी रद्द केली नव्हती. मला विमानात बसायची भीती वाटते. हस. इथे येताना सोळा तास खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो, उतरल्यावर बोटं सरळ होईनात. त्याच दिवशी ठरवलं की पुन्हा नाही. मग नोकरी धरली ती विमानतळावरच, कारण विमानात बसावं न लागता विमानांच्या जवळ राहता येतं. वाटलं भीती मोडेल. मोडली नाही. मी दुसऱ्यांना वाटा काढून देतो आणि स्वतः अकरा वर्षं बसने फिरतो. ऑफिसात कुणाला माहीत नाही, आणि तू सांगू नकोस.

त्या दिवशी मात्र मी खरंच निघालो होतो. नवे बूट, नवा स्वेटर. तपासणी झाली, पास फाडून झाला, त्या लांबट बोगद्यातून चालत विमानाच्या दारापर्यंत गेलो. आतली मुलगी 'या' म्हणाली. आई दारात उभी असेल, असं डोळ्यांसमोर आलं आणि मनाने मी तिथून घरी पोचलोसुद्धा. पाय मागे फिरले. का फिरले ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन बूट आणि स्वेटर खोक्यात घातले. डोळ्यांसमोर नकोत म्हणून कपाटावर टाकले. त्यानंतर हात लावला नाही.

तुझं पत्र वाचून काल खोकं खाली काढलं. वर धूळ होती तशीच. उघडलं. ताई, बुटांना पुढे भोक आहे. तळवे फाटलेत. आत वाळू आहे. स्वेटर शेजारी घडी करून ठेवलेला, कोरडा ठणठणीत, पण नाकाशी नेला तर खाऱ्या पाण्याचा वास.

सवयीने हातात पेन्सिल घेतली. तेरा हजार किलोमीटरला दोन वर्षं आणि वर महिनाभर, म्हणजे दिवसाला साधारण सतरा किलोमीटर. हा गाडीचा वेग नाही. पाय दुखणारा, मुक्काम करत जाणारा माणूस इतकंच चालतो. मधे समुद्र आहे, त्याचं गणित मला जमत नाही.

मी मागे फिरलो, ताई. पण जो निघाला होता तो बहुतेक निघालाच.

मला भीती वाटते आहे. आईजवळ रहा.

बारक्या


३ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र काल मिळालं. एक दिवस आधी मिळतं तर बरं झालं असतं.

परवा सकाळी आईने कवळी काढून वाटीत ठेवली. "ही नको, वाटेत पडेल," म्हणाली. मग केस विंचरले, चपलांचे पट्टे आवळले. मी कामाला निघायच्या घाईत. तिने आतून सांगितलं, "निघते गं." मला वाटलं न्हाणीघरात जाते आहे. मी म्हटलं, "बरं."

नुसतं 'बरं' म्हटलं रे मी.

डबा विसरला म्हणून मागे फिरले तर ती पलंगावर आडवी. डोळे उघडे. श्वास चालू. भरवलं तर गिळते, कूस बदलली तर बदलू देते, पण हाक मारली की कुणीच 'ओ' देत नाही. डॉक्टर म्हणतात मेंदूला झटका आला असावा, या वयात होतं. नाडी ठीक आहे. मी तिचा हात धरून बसले होते. हात गरम होता, पण ती तिथे नव्हती. हे डॉक्टरांना कसं सांगायचं?

औषधं आणायला गेले तर दुकानदार खूश. म्हणे, "मिटलं ना भांडण? सकाळी दोघं जाताना दिसली. आईंनी भावाचा दंड धरला होता. पण ओढत त्याच होत्या त्याला. इतक्या ताठ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही." मी औषधं तिथेच टाकून आले, परत आणायला शेजारच्या बाईंना पाठवलं.

मला काही सुचत नाही. तू ये. तू स्वतः ये. भीती वाटते तर वाटू दे, मलाही वाटते आहे.

ताई


८ एप्रिल

प्रिय ताई,

येतो आहे. रविवारी बसतो. माझ्या विमानाचा कागद मीच केला, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक तासाला आपण कुठे आहोत ते मला ठाऊक असेल. त्याचा काही उपयोग होईल असं नाही. डोळे मिटून घेणार आहे आणि उतरल्यावरच उघडणार आहे.

सरकारना सांग. ऐकू येत नसलं तरी सांग.

बारक्या


२० जून

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचल्याची तार मिळाली. आता आपलं सगळं उलटं झालं. मी तुझ्या घरातून लिहितो आहे आणि तू माझ्या खोलीत वाचते आहेस. किल्ली उजवीकडे दोनदा फिरवावी लागते. गरम पाण्याचा नळ खोकतो, घाबरू नकोस.

तू गेल्यापासून मी तेच घोकतो आहे. मी आलो त्या रात्री आपल्या लक्षात कसं आलं नाही? दोन शहाणी माणसं आईच्या उशाशी बसून रडत होतो आणि एकालाही प्रश्न पडला नाही की ती निघाली ती कुणाकडे. पलंगाखालच्या चपलांचे तळ झिजायला लागले तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तू म्हणालीस, "अरे, ती तुझ्याकडे चालली आहे आणि तू इथे! दाराला कुलूप बघून ती काय करेल?" मी जायला हवं होतं. मी म्हणालो, पुन्हा त्या यंत्रात बसणं माझ्याने होणार नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि बॅग काढलीस. दोन शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मला सारखं एकच आठवतं. मी डोळे मिटून आलो. ती निघाल्याला जेमतेम दहा-बारा दिवस झाले होते, म्हणजे उतरायच्या थोडं आधी मी तिच्या डोक्यावरून गेलो असणार.

भरवण्याची पद्धत जमली आहे. पाठीला उशी, मान थोडी डावीकडे. चपला रोज बघतो. काल लाल मातीने भरल्या होत्या. पुसल्या नाहीत.

बारक्या


६ जुलै

बारक्या,

चपला पुसल्या नाहीस हे बरोबर केलंस.

तुझी खोली म्हणजे बिऱ्हाड कसलं रे, स्टोअररूम आहे. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत विमानं. अकरा वर्षांत एक पडदा लावता आला नाही? मी लावला. इथल्या एका दंतवैद्याकडे काम मिळालं आहे. भाषा येत नाही पण जबडा इथूनतिथून सारखाच. दुपारी घरी येते. बाहेर जाताना कुलूप लावत नाही, दार नुसतं ओढून घेते. खालच्या मजल्यावरची बाई मला वेडी समजते.

मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. मला मुळीच भीती वाटली नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सोळा तास मला कुणी हाक मारली नाही, कुणाला भरवायचं नव्हतं, आणि मला ते आवडलं. आई खाली कुठेतरी उन्हातून चालली होती आणि मला वर बसून चैन वाटत होती.

तुझ्या हिशोबाने ती कधी पोचेल ते कळव. मला तयारी करायला बरं.

ताई


१५ जुलै

प्रिय ताई,

तिचे गुडघे बघता तो दिवसाला जितका चालला त्याच्या निम्म्याने धर. चार वर्षं. पण डॉक्टर म्हणतात शरीर इतकं टिकणार नाही. ते वर्षाचं बोलतात, तेही चाचरत.

ती पोचली, मला भेटली नाही, पण निदान तुला भेटली, म्हणजे तिचं समाधान होईल ना? आणि मग ती इकडे, या पलंगावर परत येईल, असं मी धरून चाललो आहे. कशावरून, ते विचारू नकोस.

बारक्या


१४ डिसेंबर

प्रिय ताई,

घाईत लिहितो. आज सकाळी चपला ओल्या होत्या. ओल्या म्हणजे ठिबकत होत्या. खाली तळं साचलं होतं आणि त्याला मिठाचा वास होता. आईच्या पावलांना हात लावला तर बर्फासारखी गार, आणि टाचांना सुरकुत्या, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशा.

मी नकाशा काढून बसलो. ती समुद्राला लागली आहे, ताई. इतक्या लवकर! मी काढलेल्या हिशोबापेक्षा किती पुढे आहे! गुडघे दुखतात म्हणून जिन्यावर बसणारी आपली आई!

त्याच्या बुटांवर लक्ष ठेव, ते खोकं पलंगाखाली आहे. ते ओले आहेत का? तो तिच्याबरोबर आहे का?

बारक्या


२८ डिसेंबर

बारक्या,

खोकं उघडलं. बूट कोरडे आहेत. तो अजून तुझ्या बाजूच्या काठावरच असणार. ती एकटीच पाण्यात उतरली आहे.

इथे थंडी खूप आहे. तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. रोज पाण्याकडे बघावंसं वाटतं पण इथून समुद्र दिसत नाही. दुपारी जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं खाली ठेवून उभी राहते. रोज कुणीतरी दुसरंच असतं.

तिच्या पायांना गरम पाण्याची पिशवी दे. तिकडे दिलेली इकडे पोचते का कोण जाणे, पण दे.

ताई


१७ जून

प्रिय ताई,

चपला महिनाभर कोरड्या आहेत. तळ पत्र्याएवढे पातळ झालेत. म्हणजे ती जमिनीवर आहे, तुझ्या बाजूच्या जमिनीवर.

पण इकडे ठीक नाही. गिळणं कमी झालं आहे. वजन इतकं उतरलंय की कूस बदलायला मला एक हात पुरतो. डॉक्टरांनी आज मला बाहेर बोलावून सांगितलं, आता आठवडे म्हणा. मी म्हटलं, थोडं धरून ठेवा, ती परत यायची आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी खचलोय.

ती आली की एक क्षणही बसवून ठेवू नकोस. तिला विमानात घाल. शेजारी बस, खिडकी दे. सोळा तासांत ती इथे असेल. कागद माझ्या जुन्या ऑफिसातून करून घे, मी त्यांना लिहिलं आहे. त्यांना फक्त सांगितलंय की माझी बहीण येते आहे.

मला तिच्याशी बोलायचं आहे, ताई. त्याच्याशी बोलली तशी ती माझ्याशी एकदा कुजबुजायला हवी आहे. एवढंच हवंय मला.

बारक्या


२ जुलै

बारक्या,

आई आली.

काल दुपारी. मी पीठ मळत होते. जिन्यात पाऊल वाजलं आणि या वेळी मी उठले नाही, इतक्या वेळा उठून झालं होतं. दार ढकललं गेलं. उंबऱ्यात ती उभी. काळी पडलेली, हडकुळी, पण ताठ. कवळी नव्हती, ती तुझ्यापाशी वाटीत आहे, त्यामुळे तोंडाचं बोळकं. पायात ते चपलांचे तळ. तुझ्यातल्या त्याला दोन वर्षं लागली, ती सव्वा वर्षात आली.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू होय." मग मान वाकडी करून माझ्यामागे पाहिलं, पलंगाकडे, खुर्चीकडे, मी लावलेल्या पडद्यामागे.

"तो कुठाय?"

मी म्हटलं, "आई, बस. पाणी देते."

"तो कुठाय गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. कामावर गेलाय म्हणता आलं असतं. पण तिच्यापुढे मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. मी सांगितलं, "तो घरी गेला, तुला बघायला. तुझ्याजवळच बसलाय, गेल्या एप्रिलपासून."

ती रागावली नाही. कपाळाला हात लावला आणि चक्क हसली. "पोरगं आलं शेवटी," म्हणाली. "आणि मी ही इथे." आणि वळली.

बारक्या, ती आत आलीच नाही. उंबऱ्यातूनच वळली. मी पिठाच्या हातांनी तिचा दंड धरला. लागला रे हाताला, खराखुरा, उन्हाने तापलेला. मी म्हटलं, आई, विमान आहे, सोळा तासांत जाशील, मी बसते शेजारी. तर म्हणाली, "विमानात नको. मागच्या वेळी तो माझ्या डोक्यावरून गेला आणि मला कळलं नाही. मी इथे नाही हे कळून तो पुन्हा निघाला असला तर? वाटेने गेलं म्हणजे चुकामूक होत नाही."

मी विचारलं, "आणि तो, तुझ्याबरोबर होता तो?"

"मागे राहिला पाण्यापलीकडे. चालवत नाही त्याला," म्हणाली. "जाताना भेटेल."

मग तिने माझ्या गालाला हात लावला. एकदाच. म्हणाली, "पडदा छान लावलास." आणि जिना उतरली. मी मागे धावले, अनवाणी. रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. माझ्या हाताचं पीठ दंडावर घेऊन ती गेली.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? तेरा हजार किलोमीटर चालून आली आणि माझ्याकडे पाणी प्यायलासुद्धा थांबली नाही. मी जिन्यात बसून लहान मुलासारखी रडले. मग उठले आणि हे लिहायला बसले, कारण तुला कळायला हवं.

ती परत यायला निघाली आहे. डॉक्टर आठवडे म्हणत असतील तर म्हणू देत. तू तिला भरव, कूस बदल, पाय शेकत रहा, ते शरीर धरून ठेव. मला यायला सांगशील, मी येणार नाही. तो मागे राहिलेला इकडे आला तर त्याला सांगायला कुणीतरी हवं.

आणि तुझं मन मला माहीत आहे. हे वाचलंस की तुला वाटेल, आपण सामोरं जावं, तिला वाटेत गाठावं, एवढं चालणं तरी वाचवावं. दारापर्यंत जाशील, पाय मागे फिरतील, आणि पुन्हा कुणीतरी दुसरा निघेल, तो तिला वाटेत भेटेल, आणि ती त्यालाच तू समजून त्याचा दंड धरेल.

म्हणून सांगते, बारक्या. तिच्या पलंगापासून हलू नकोस. निघायचं मनातसुद्धा आणू नकोस.

ताई